बाटलीत काय घातलंय, सिस्टर?

(धर्माबाद येथे बचत गटातल्या बाया, आशाताई आणि अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मोंढ्यावरची मिरचीची हजेरी बुडवून तुमच्यातल्या कितीतरी जणी आज इथं आल्यात, हे मला माहीत आहे. तेव्हा पाल्हाळ लावत नाही. आधी एक प्रश्न विचारते. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी कुणाकुणाला बाटली लागली? हात वर करा. ... बघा, खाली राहिलेले हात मोजणं सोपं आहे. आता दुसरा प्रश्न. त्या बाटलीत काय होतं, हे कुणाला सांगता येईल?

सगळे हात खाली आले. मागून कुणीतरी म्हणतंय "ताकदीचं होतं". तिकडच्या मावशी म्हणतात "पिवळी होती". पिवळा हा रंग झाला, मावशी. औषधाचं नाव काय होतं? "मला काय कळतंय बाई, डॉक्टरला कळंल." हेच उत्तर मी गेली दहा वर्षं गावोगावी ऐकते आहे. आणि खरं सांगू का, एके काळी मीही हेच उत्तर दिलं असतं. समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. ही पदवी घेतलेली मी, माझ्यावर वेळ आली तेव्हा मलाही सांगता आलं नव्हतं. ते पुढं सांगते.

आधी बाटलीचं बघू. साधी सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पाणी आणि त्यात साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजची पाच टक्क्यांची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पाणी आणि पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. ती पिवळी असते तेव्हा बहुतेक वेळा त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलेलं असतं. ज्या बाईला तोंडानं पाणी पिता येतं, उलटी होत नाही, तिनं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायलं तर तेवढंच पोटात जातं, आणि एका दिवसाची मजुरीही वाचते. पण आपल्याला बाटली लावल्याबिगर दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. डॉक्टरलाही ते माहीत असतं. यात सगळा दोष डॉक्टरचा आहे असं मी म्हणणार नाही. आपणही "एक बाटली लावा की डॉक्टर" म्हणून अडून बसतो.

आज मला बोलायचंय ते मात्र या मिठाच्या पाण्याबद्दल नाही. बाटलीतून, किंवा हाताला लावून ठेवलेल्या सुईतून, जे दुसरं औषध सोडतात त्याबद्दल. अँटिबायोटिक. मराठीत प्रतिजैविक म्हणतात, पण दवाखान्यात तो शब्द कुणी वापरत नाही, म्हणून मीही अँटिबायोटिकच म्हणते. जंतूंना मारणारं किंवा त्यांची वाढ थांबवणारं औषध. गोळी घेतली तर ती पोटात विरघळून रक्तात जायला वेळ लागतो. शिरेतून दिलेलं औषध थेट रक्तात जातं. म्हणून गुणही लवकर येतो, आणि काही बिघडायचं असेल तर तेही मिनिटांत बिघडतं.

हे औषध वाईट आहे असं सांगायला मी आलेले नाही, हे आधीच स्पष्ट करते. नाहीतर उद्या एखादी ताप भरलेली बाळंतीण म्हणायची, "त्या ताईंनी सांगितलंय, सुई घेऊ नका." आपल्या आज्यांच्या काळी बाळंतरोगानं बाया जात. बाळंतपणानंतर ताप, ओटीपोटात दुखणं, अंगावरून घाण वासाचं जाणं, आणि आठवड्याभरात बाई गेलेली. गर्भाशयात जंतू शिरून ते रक्तात पसरत, आणि त्यावर औषधच नव्हतं. आपल्या महाराष्ट्रात पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, १९५५ पासून तिथं पेनिसिलीन तयार व्हायला लागलं. त्याच्या आधी आपल्या देशात हे औषध बाहेरून यायचं. ते गरिबाच्या बाळंतिणीपर्यंत किती पोचत असेल, तुम्हीच विचार करा.

आणि हे इंजेक्शन फक्त डॉक्टरच्याच हातात शोभतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं एकोणचाळीस गावांत तिथल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झालाय हे कसं ओळखायचं, जेंटामायसिनचं इंजेक्शन किती आणि कसं द्यायचं, हे त्या शिकल्या. ते शिरेतून नव्हे, मांडीच्या स्नायूत द्यायचं होतं. या सगळ्या घरपोच काळजीनं तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. थोडंफार शिकलेल्या बायका जर औषधाचं नाव, माप आणि धोका शिकू शकतात, तर ज्या बाईच्या स्वतःच्या हाताला सुई आहे तिला ते कळणार नाही असं कोण म्हणतं?

आता माझी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी माझं सिझर झालं. दवाखाना कुठला ते सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही, कारण असं कुठंही होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर आल्या आणि हाताच्या सुईतून एक इंजेक्शन सोडून गेल्या. पाचेक मिनिटं झाली असतील. तळहाताला खाज सुटली. मग काखेत, मग डोक्यात. ओठ जाड झाल्यासारखे वाटायला लागले. माझी आई उशाशी होती, ती म्हणाली, "बाळंतपणाची उष्णता आहे गं, होतं असं." मी बोलायला गेले तर आवाज बसलेला, घोगरा. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं. पलीकडच्या खाटेवरची बाई, तिचं नावही मला माहीत नाही, ती ओरडली, "अवो सिस्टर, हिच्या तोंडाकडं बगा!" म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे. सिस्टर धावत आल्या, मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. अर्ध्या तासात मी बरी.

खरी चूक त्याच्यापुढं झाली. घरी जाताना मला जे डिस्चार्ज कार्ड दिलं त्यावर एवढंच होतं की इंजेक्शनची रिॲक्शन आली होती, उपचार केले. कुठल्या इंजेक्शनची? नाव नाही. मीही विचारलं नाही. बाळ मांडीवर, टाके दुखतायत, नवरा बिलाच्या खिडकीशी. दोन वर्षांनी मला न्यूमोनिया झाला. नवीन डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" मी म्हटलं, आहे, पण कुठल्या ते माहीत नाही. ते हसले नाहीत, त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग मी काय देऊ तुम्हाला?" माझा भाऊ जुन्या दवाखान्यात गेला. तिथं सांगितलं, कागद सापडत नाहीत. भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, हा डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीतला नियम आहे. तो मला तेव्हा माहीत नव्हता. परिणाम असा की आजही मला जंतुसंसर्ग झाला की डॉक्टर पेनिसिलीनचं सगळं कुटुंब आणि त्याचं चुलत कुटुंब बाजूला ठेवतात, आणि दुसरं, महागडं औषध देतात. जे सगळ्यात चांगलं आणि स्वस्त, ते कदाचित मला चाललंही असतं. पण एक नाव न लिहिल्यामुळं ते दार माझ्यासाठी बंद झालं.

आता त्रास कोणकोणते, ते जरा नीट सांगते. घाबरू नका, बहुतेक बायांना यातलं काहीच होत नाही, किंवा किरकोळ होतं.

सगळ्यात नेहमीचा त्रास सुईचा. हाताला लावलेली सुई दोन-तीन दिवस राहिली की शीर लाल होते, दोरीसारखी टणक लागते, दुखते. बाया म्हणतात "औषध गरम पडलं". गरम-थंड काही नाही, शिरेला सूज आलेली असते. कधी सुई शिरेतून निसटून औषध बाहेर मांसात जातं आणि हात फुगतो. दुखायला लागलं की सांगायचं, सुई बदलून घ्यायची. "सरकारी दवाखाना आहे, कुठं सिस्टरला त्रास द्यायचा" असं करत बसू नका. तिथं पू झाला तर त्याच सुईतून जंतू रक्तात जातात. आणि चोळायचं नाही. आपल्याकडं लगेच कुणीतरी तेल घेऊन बसतं.

दुसरं पोटाचं. मळमळ, जुलाब. आतड्यात चांगले जंतूही राहतात, औषध त्यांनाही मारतं. दिवसाला दोन-तीन पातळ झाले तर मीठ-साखरेचं पाणी घ्यायचं, थोडं जेवत राहायचं. पण पाण्यासारखे खूप जुलाब झाले, रक्त पडलं, ताप आला, पोट मुरडून आलं, तर डॉक्टरकडं जायचं. हे औषध बंद केल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं, आणि तेव्हा आपल्याला बाटलीची आठवणही नसते. मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी स्वतःच्या मनानं आणायची नाही. या प्रकारात तिनं बिघडू शकतं.

तिसरं आपल्या बायांचं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर आठवड्याभरात योनीला खाज, जळजळ, दह्यासारखं पांढरं जाणं. सासू म्हणते उष्णता, नवरा भलतंच काही म्हणतो. मी अशी एक बाई पाहिली जिच्या नवऱ्यानं तिच्यावर संशय घेऊन तिला माहेरी धाडलं होतं. ती बाई निमोनियासाठी आठ दिवस भरती होती, आठ दिवस शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. त्यानं योनीतले चांगले जंतू मरतात आणि बुरशी वाढते. साधा, बरा होणारा त्रास. बुरशीवरचं औषध मिळतं. मधुमेह असेल तर हे जास्त होतं. बाळंतिणीच्या बाबतीत बाळाच्या तोंडातही पांढरे डाग पडतात. पण म्हणून अंगावरचं पाजणं तोडू नका. बहुतेक अँटिबायोटिक चालू असताना पाजलेलं चालतं. शंका असेल तर विचारा, पण परस्पर डबा सुरू करू नका.

चौथं, मूत्रपिंड आणि कान. जेंटामायसिन, अमिकासिन ही याच घराण्यातली औषधं. जुन्या काळी क्षयासाठी दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिनही त्यातलंच. काही जंतूंवर ती फार चांगली आहेत, पण माप, दिवस आणि रुग्णाचं मूत्रपिंड बघून द्यावी लागतात. कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज, कमी ऐकू येणं, चालताना तोल जाणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सांगायचं, कारण कान गेला तर बहुतेक वेळा परत येत नाही. माझ्या ओळखीच्या एक आत्याबाई आहेत. क्षयाची सुई घेताना त्यांना चक्कर यायची, भिंत धरून चालाव्या लागायच्या. घरच्यांनी म्हटलं, अशक्तपणा आहे. आता त्यांना ऐकू येत नाही आणि घरात सगळे त्यांच्यावर ओरडूनच बोलतात. क्षयाच्या उपचारात आता या सुयांचा वापर फारच कमी झालाय, ही चांगली गोष्ट आहे. पण दवाखान्यात इतर आजारांना ही औषधं चालतात. वयस्कर बाई, आधीच मूत्रपिंडाचा त्रास असलेली, जुलाब-उलटीनं सुकलेली, वरून अंगदुखीची इंजेक्शनं चालू असलेली, अशांना धोका जास्त. पोटात बाळ असेल तर ते आधी सांगायचं, दिवस नुकतेच चुकले असले तरी सांगायचं. आजूबाजूला सासरे-दीर उभे आहेत म्हणून लाजू नका.

काही त्रास औषध भरभर सोडल्यामुळं होतात. व्हॅन्कोमायसिन नावाचं औषध आहे, ते तासभर तरी सावकाश सोडायचं असतं. घाई केली तर तोंड-मान लाल होते, खाज सुटते, दाब उतरतो. सेफ्ट्रायॅक्झोन, ज्याला आपल्याकडं बरेचदा 'मोनोसेफ' या कंपनीच्या नावानंच ओळखतात, ते कॅल्शियम असलेल्या सलाईनमध्ये मिसळायचं नाही, आणि नवजात बाळाच्या बाबतीत तर यात फारच सांभाळावं लागतं. हे सिस्टरना माहीत असतं. पण एका सिस्टरवर चाळीस खाटा असतील तर माहीत असून काय करणार? त्यांच्यावर ओरडण्याआधी हेही बघा. मेट्रोनिडॅझोलची बाटली चालू असताना तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होते. ते काळजीचं नाही. पण घरात कुणा पुरुषाला ही बाटली लागली असेल तर त्यानं त्या दिवसांत दारू घ्यायची नाही, हे त्याला ठणकावून सांगा. मळमळून उलट्या होतात.

आणि शेवटी ते, जे मला झालं. औषध सुरू झाल्यावर काही मिनिटांत खाज, अंगावर गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, घसा आवळणं, दम लागणं, डोळ्यांपुढं अंधारी, एकदम उलटी. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की वाट बघायची नाही. नळीवरचं चाक बंद करायचं आणि मोठ्यानं हाक मारायची. सुई उपटायची नाही, कारण जीव वाचवणारं औषध द्यायला तीच शीर लागते. बाईला आडवं झोपवायचं, पाय वर. दम लागत असेल तर टेकून बसवायचं. उठवून चालवायचं नाही. यावरचं औषध ॲड्रिनॅलिन, ते मांडीच्या स्नायूत देतात, आणि ते लगेच मिळणं महत्त्वाचं. म्हणूनच मी म्हणते, जिथं ॲड्रिनॅलिन ठेवलेलं नाही तिथं, आणि घरी येऊन ओसरीवर बाटली टांगणाऱ्याकडून, अँटिबायोटिकची सुई घेऊ नका. इथून निझामाबाद जवळ आणि नांदेड दूर, हे मला कळतं. पण घसा आवळला तर दोन्ही दूरच असतात.

कुणी म्हणेल, टेस्ट डोस देतात की. हातावर कातडीत थोडं औषध टोचून बघतात. ती तपासणी ठीक आली म्हणजे धोका संपला असं नाही. तिच्यापेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे आपण सांगितलेला आधीचा अनुभव. आणि उलट बाजूही ऐका. गोळीनं एकदा मळमळलं तर ती ॲलर्जी नव्हे. परदेशात पेनिसिलीनची ॲलर्जी आहे असं कागदावर लिहिलेल्या लोकांची नीट तपासणी केली, तेव्हा दहातल्या नऊ जणांना ती नव्हतीच. तेव्हा नुसतं "मला सुई चालत नाही" म्हणू नका. काय झालं होतं, किती वेळानं झालं, कुठल्या औषधानं, ते सांगा.

काही त्रास उशिरा येतात. आठ-दहा दिवसांनी अंगावर लाल पुरळ, ताप. त्याबरोबर तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सुटायला लागली, तर ती देवी-गोवर समजून घरात कडुलिंब बांधून ठेवू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

आता मुळात ही सुई लागतेच का, हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली बाळंतपणाबद्दल सांगितलंय की साधं, गुंतागुंत नसलेलं बाळंतपण झालं तर सगळ्याच बायांना सरसकट अँटिबायोटिक द्यायची गरज नाही. नेहमीच्या टाक्यांसाठीसुद्धा नाही. सिझर असेल तर कातडी कापण्याआधी एक डोस द्यायचा. पुढं आठ-आठ दिवस सुया चालू ठेवायच्या असतील तर त्याला कारण हवं, म्हणजे ताप आहे, पू आहे, पाणी जाऊन फार वेळ झाला होता. तर विचारा: "डॉक्टर, ही सुई कशासाठी? किती दिवस? गोळी चालेल का?" तीन साधे प्रश्न आहेत. मला सांगतात, "आम्ही विचारलं की डॉक्टर चिडतात." चिडू देत. एकटी विचारेल तिच्यावर चिडतील, गटातल्या दहाजणींनी विचारलं तर सवय होईल.

हा हक्क आपल्याला कुणी वाटून दिलेला नाही. इथून दोनेकशे किलोमीटरवर, हैदराबादजवळ पाटणचेरू आहे. १९८५ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनचा प्रयोग चालला होता. बायांना मूल न होण्याची सुई एवढंच सांगितलेलं, हा प्रयोग आहे हे सांगितलेलं नव्हतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या बाया तिथं जाऊन पोचल्या, त्यांनी प्रश्न विचारले, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या सुईतलं औषध वेगळं होतं, पण प्रश्न हाच होता: माझ्या अंगात काय जातंय? आपल्याकडं अजूनही संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही घेतात. सज्ञान बाई शुद्धीवर असेल तर तिच्या उपचाराला तिचीच संमती पुरते. तुम्ही पेन मागून घ्या.

अजून एक बोलले नाही तर अर्धवट राहील. औषधाचा त्रास वेगळा आणि खराब औषध वेगळं. १९८६ साली मुंबईत जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलनं चौदा रुग्ण गेले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. तेव्हापासून आपण समजतो की आता असं होत नाही. पण २०२४ साली आपल्या शेजारी अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट निघाल्या. दवाखान्यानं नव्हे, पुरवठादारांच्या साखळीनं फसवलं होतं. पण गोळी खाल्ली ती गरिबानंच. म्हणून बाटली लावताना तिच्यावरची मुदतीची तारीख बघा, आत काही तरंगतंय का, बूच आधी उघडलेलं आहे का ते बघा. बाटली सुरू होताच दात वाजेपर्यंत थंडी भरली तर सांगा. पाणी किंवा नळी दूषित असू शकते. रिकामी कुपी टाकू देऊ नका. त्यावर बॅच नंबर असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यात सोळा लहान बाळं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून गावात कितीतरी बाया मला म्हणतात, "ताई, सरकारी दवाखान्यात नेऊच नका." तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीनं आपण कुठं जातो? कर्ज काढून खाजगीत, नाहीतर ओसरीवरच्या बाटलीवाल्याकडं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहेत. तो पैसा आपला आहे. तिथं खाटा, सिस्टर आणि औषधं पुरेशी हवीत, ही मागणी करायची ती आपणच. खाजगीतही २०२१ पासून महाराष्ट्रात रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. लावली नसेल तर बोट दाखवून विचारा.

आणि त्रास झालाच तर तो नोंदवता येतो. केंद्र सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचा फुकट फोन नंबर फळ्यावर लिहिलाय: १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो, मराठीत फॉर्मही आहे. डॉक्टरवर खटला भरण्यासाठी हे नाही, एवढं लक्षात ठेवा. दहा गावांतून एकाच औषधाची नोंद गेली तर कुणाच्या तरी लक्षात येतं, म्हणून हे.

आता कामाचं. आशाताईंनी जी पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं आणलीत ती जेवणानंतर वाटू. त्यावर चार ओळी आहेत: नाव, चालू असलेले आजार आणि गोळ्या, औषधाचा त्रास झाला असेल तर औषधाचं नाव आणि नेमकं काय झालं, आणि तारीख. औषधाचं नाव लिहिताना कंपनीचं नाव नको, खालचं बारीक अक्षरातलं नाव लिहा. एकच औषध पंधरा कंपन्यांच्या पंधरा नावांनी येतं. 'मोनोसेफ' चालत नाही म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या नावानं तेच टोचलं, असं होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशेजारी ज्यांना येतं त्या बसतील. कुणाच्या पिशवीत, ब्लाउजमध्ये, मोबाईलच्या खोळीत जुनी चिठ्ठी असेल तर काढून ठेवा. ज्यांच्याकडं कागद नाही पण रिॲक्शन आली होती, त्या आधी माझ्याकडं या. आपण त्या दवाखान्याला कागद मागणारा अर्ज इथंच लिहू. माझा स्वतःचा अर्ज मी कधी लिहिलाच नाही, तीन वर्षं उलटून गेली. तुमचे अजून उलटले नसतील.

मावशी, तुमच्या पिवळ्या बाटलीची चिठ्ठी घरी असेल ना? नातवाला फोन लावा, फोटो काढून पाठवू दे.